एफवायला आलात? मग ऑनर्सचा हिशोब आत्ताच समजून घ्या

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजची माहितीपुस्तिका हातात येते आणि एकदम नव्या शब्दांची रांग समोर उभी राहते. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, आयकेएस, क्रेडिट, एबीसी आयडी. शेवटच्या पानावर ‘पदवी (ऑनर्स)’ आणि ‘पदवी (ऑनर्स विथ रिसर्च)’. घरात मोठ्या ताई-दादांनी बीए, बीकॉम, बीएस्सी केलेलं असतं, पण त्यांच्या वेळी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. मग विचारायचं कोणाला?

हा बदल राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात तो स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे स्वायत्त कॉलेजांतली पहिली तुकडी चौथ्या वर्षाला पोचते ती २०२६-२७ मध्ये आणि संलग्न कॉलेजांतली २०२७-२८ मध्ये. अनुभवी सीनियर मिळणं इतकं अवघड का आहे, ते यावरून कळेल.

बहुतेक घरांत ‘चौथ्या वर्षाचं चौथ्या वर्षी बघू’ असं म्हणून विषय संपतो. सगळ्यात जास्त नुकसान याच एका वाक्याने होतं. चौथं वर्ष घ्यायचं की नाही हे खुशाल टीवायला ठरवा, पण ते घेता येण्याची सोय एफवायच्या पहिल्या सत्रापासून करावी लागते. ती कशी, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

ऑनर्स म्हणजे नेमकं काय

तीन वर्षं पूर्ण केली की नेहमीची पदवी मिळते. चौथं वर्षही केलं की पदवीच्या नावापुढे ‘ऑनर्स’ लागतं. यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या वेळेचं माप, ते पुढे पाहू) लागतात, चार वर्षांना १६०. महाराष्ट्रात सत्राला २० ते २२ क्रेडिट असल्याने हा आकडा तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६ असा जातो.

ऑनर्सचे दोन प्रकार आहेत. साध्या ऑनर्समध्ये चौथ्या वर्षी मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. ऑनर्स विथ रिसर्चमध्ये त्यातल्या १२ क्रेडिटच्या पेपरांऐवजी एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन प्रकल्प करून प्रबंध लिहायचा असतो. यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा जास्त गुण लागतात. साध्या ऑनर्सला ही ७५ टक्क्यांची अट नाही. या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि ‘मला ६५ टक्के आहेत, मला ऑनर्स मिळणारच नाही’ असं समजून मुलं चौथ्या वर्षाचा विचारच सोडून देतात.

इंजिनिअरिंगमध्येही ‘ऑनर्स’ हा शब्द वापरतात, पण त्याचा अर्थ वेगळा. तिथे पदवी मुळातच चार वर्षांची असते आणि नेहमीच्या क्रेडिटवर १८ ते २० जादा क्रेडिट केली तर ऑनर्सचा शेरा मिळतो. इथे पुढे जे लिहिलं आहे ते कला, वाणिज्य, विज्ञान आणि तत्सम पदव्यांबद्दल आहे.

क्रेडिट: सगळं याच मापात मोजतात

क्रेडिट हे अभ्यासाच्या वेळेचं माप आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान, असे १५ आठवडे, म्हणजे १ क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याला दोन तास दिले की १ क्रेडिट. म्हणून ४ क्रेडिटच्या थिअरीच्या पेपरला सत्रात ६० तास शिकवणं अपेक्षित असतं आणि २ क्रेडिटच्या प्रात्यक्षिकालाही ६० तासच लागतात. प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रभेटीत वेळ जास्त गेला आणि क्रेडिट कमी पडली अशी तक्रार नेहमी येते, तिचं कारण हेच.

आता २२ क्रेडिटचं एक सत्र घ्या. त्यातली ६ क्रेडिट प्रात्यक्षिकाची धरली तर १६ तास व्याख्यानं आणि १२ तास प्रात्यक्षिकं, असे आठवड्याला २८ तास वर्गातच जातात. ज्यांना कॉलेज करून नोकरी किंवा शेतीचं काम सांभाळायचं आहे त्यांनी हा आकडा प्रवेशाच्या वेळीच लक्षात घ्यावा. हजेरी कमी पडून परीक्षेचा अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा या २८ तासांचा अंदाज नसल्यामुळे.

विषयांचे प्रकार आणि निवडताना होणारी गडबड

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. पदवीवर नाव याचंच येतं. तीन वर्षांच्या पदवीत निदान निम्मी क्रेडिट, म्हणजे ६०, मेजरची असावीत आणि ऑनर्सला किमान ८०, अशी यूजीसीची अपेक्षा आहे. मायनर हा जोडविषय. यूजीसीच्या आराखड्यात तो तीन वर्षांत २४ आणि चार वर्षांत ३२ क्रेडिटचा आहे.

मेजर केव्हा पक्का होतो याबाबत विद्यापीठांची पद्धत सारखी नाही. काही ठिकाणी तो प्रवेशाच्या वेळीच ठरतो, काही ठिकाणी एफवायला तीन विषय बरोबरीने शिकवून एसवायला त्यातला एक मेजर करतात. यूजीसीच्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी मेजर बदलण्याची संधी आहे. तुमच्या कॉलेजात यापैकी कोणती पद्धत आहे हे पहिल्या आठवड्यातच विचारा, कारण एफवायला जो विषय घेतलाच नाही तो पुढे मेजर करता येत नाही, असं बहुतेक रचनांमध्ये घडतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय, जसं विज्ञानाच्या मुलाने अर्थशास्त्राची तोंडओळख घेणं. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञान प्रणालीचा. सीसीमध्ये एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम येतात. पुढच्या वर्षांत ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडणारा उपक्रमही असतो.

ओपन इलेक्टिव्ह निवडताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, बारावीला झालेलाच विषय सोपा जाईल म्हणून घेणं. आंतरविद्याशाखीय पेपरांत बारावीपर्यंत शिकलेला विषय पुन्हा घेऊ नये, असं यूजीसीने स्पष्ट म्हटलं आहे. दुसरी, मैत्रिणीने घेतला म्हणून घेणं. एका विषयाची जागा भरली की कॉलेज उरलेल्या मुलांना जिथे जागा असेल तिथे टाकतं, तेव्हा अर्ज भरायला उशीर करणाऱ्याला निवड अशी राहतच नाही. आपल्या पसंतीचे निदान तीन विषय क्रमाने लिहून तयार ठेवा.

‘दोन क्रेडिटच्या विषयांना कोण विचारतं?’

हा प्रश्न एफवायच्या प्रत्येक वर्गात असतो. मेजरवर जोर द्यायचा आणि आयकेएस, एईसी, ओपन इलेक्टिव्ह परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचे. याचा परिणाम आकड्यांत पाहूया.

प्रत्येक पेपरला गुणांवरून श्रेणी मिळते आणि श्रेणीला अंक असतात: ओ श्रेणीला १०, ए प्लसला ९, एला ८, बी प्लसला ७, बीला ६, सीला ५, पी म्हणजे नुसतं पासला ४ आणि नापासाला ०. पेपरच्या क्रेडिटला या अंकाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. आला तो एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी. सगळ्या सत्रांची मिळून सरासरी म्हणजे सीजीपीए.

समजा सत्र २२ क्रेडिटचं आहे. मेजरची थिअरी ४ क्रेडिटची, अंक ८, म्हणजे ३२. मेजरचं प्रात्यक्षिक २ क्रेडिट, अंक ९, म्हणजे १८. पहिला ओपन इलेक्टिव्ह २ क्रेडिट, अंक ७, म्हणजे १४. दुसरा ओपन इलेक्टिव्ह २ क्रेडिट, अंक ६, म्हणजे १२. व्हीएससीला ८ अंक, म्हणजे १६. एसईसीला ९, म्हणजे १८. एईसीला ६, म्हणजे १२. व्हीईसीला ७, म्हणजे १४. आयकेएसला ५, म्हणजे १०. सीसीला १०, म्हणजे २०. बेरीज १६६. भागिले २२, एसजीपीए ७.५५.

आता मेजरला हातही न लावता फक्त तीन पेपर बदला. दुसरा ओपन इलेक्टिव्ह, एईसी आणि आयकेएस या तिन्हींत ८ अंक मिळाले असते तर बेरीज १८० झाली असती आणि एसजीपीए ८.१८. या सत्रात मेजरची क्रेडिट ६ आहेत आणि मेजरबाहेरची १६. सरासरी कुठे घडते ते इथे दिसतं. एफवायला तर हे प्रमाण मेजरच्या विरोधात सगळ्यात जास्त झुकलेलं असतं. पुढे जसजशी मेजरची क्रेडिट वाढतात तसतसा भार तिकडे सरकतो.

७५ टक्क्यांची अट एफवायपासून मोजतात

ऑनर्स विथ रिसर्चसाठी जी ७५ टक्क्यांची अट आहे ती पहिल्या सहा सत्रांच्या एकत्रित गुणांवर आहे. टीवायच्या गुणांवर ती भागत नाही. सगळ्या सत्रांची क्रेडिट सारखी धरली तर एफवायची दोन सत्रं म्हणजे या हिशोबाचा तिसरा हिस्सा.

एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन सत्रांत ६८ टक्के पडले, तर उरलेल्या चार सत्रांत त्याला सरासरी ७८.५ टक्के लागतील. तिसऱ्या सत्रातही ६८ च राहिले, तर शेवटच्या तीन सत्रांत सरासरी ८२. पहिल्या सत्रात कॉलेजच्या वातावरणात रुळायला वेळ लागतो हे खरं आहे, आणि एका सत्राची तूट भरून निघते. दोन-तीन सत्रांची तूट भरणं मात्र दर सत्राला जड होत जातं. म्हणून पहिल्या सत्राचा निकाल लागला की हा गुणाकार-भागाकार कागदावर मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक सावधगिरी. तुमच्या गुणपत्रिकेवर टक्के नसून सीजीपीए असेल, तर तो टक्क्यांत कसा बदलायचा याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. सरसकट दहाने गुणून मोकळं होऊ नका. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं परिपत्रक पाहा किंवा गुणपत्रिकेच्या मागची तळटीप वाचा.

क्रेडिट बँक आणि नावाचा घोळ

मिळवलेली क्रेडिट साठवण्यासाठी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, ही राष्ट्रीय व्यवस्था आहे. तिचे नियम यूजीसीने जुलै २०२१ मध्ये आणले. बँकेच्या पासबुकासारखीच ती चालते: खातं तुमच्या नावावर, पण नोंद करणार संस्था. विद्यार्थ्याला स्वतःहून क्रेडिट चढवता येत नाही. ती कॉलेज किंवा विद्यापीठ चढवतं. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात आणि एकदा एखाद्या प्रमाणपत्रासाठी किंवा पदवीसाठी खर्ची पडली की ती पुन्हा दुसरीकडे दाखवता येत नाहीत.

खातं डिजिलॉकरमधून उघडतात आणि १२ अंकी क्रमांक मिळतो. काम साधं आहे, अडतं ते नावावर. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी असतं, कधी वडिलांचं नाव गाळलेलं असतं. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव एका कागदावर डी-एन-वाय ने सुरू होतं, दुसऱ्यावर जी-वाय ने. ‘वैष्णवी’च्या शेवटी एकीकडे आय, दुसरीकडे डबल ई. माणसाला हे एकच नाव वाटतं, संगणकाला दोन वेगळी माणसं. मग क्रेडिट जमा होत नाहीत आणि ते लक्षात येतं दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेताना.

यावर उपाय एफवायच्या पहिल्या महिन्यातच करायचा. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि कॉलेजचा प्रवेश अर्ज हे चार कागद शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख, लिंग हे तीन रकाने अक्षरन् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर साधारणपणे आधार दुरुस्त करणं सोपं पडतं, कारण बोर्डाच्या कागदावरची दुरुस्ती शाळेमार्फत आणि बराच वेळ घेऊन होते. पुढे प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर डिजिलॉकर उघडून क्रेडिट दिसतात का ते बघत जा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

स्वयम या सरकारी संकेतस्थळावरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही इथे जमा होऊ शकतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. मात्र आधी कॉलेजची परवानगी घ्या. परवानगी न घेता अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षेची फी भरली, पासही झालो आणि कॉलेजने क्रेडिट धरलंच नाही, अशी वेळ मुलांवर येते.

स्वागताचे पहिले दोन आठवडे

हा भाग कॉलेजांसाठी आणि शिक्षकांसाठी जास्त आहे, पण पालकांनीही वाचावा. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. मुलांनी एकमेकांत मिसळावं, शिक्षकांशी आणि सीनियरांशी ओळख व्हावी, संस्थेचे नियम कळावेत आणि अनुभवातून शिकायची सवय लागावी, असे त्यामागचे हेतू आहेत. हेतू उत्तम आहेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दीपप्रज्वलन, तीन भाषणं, गुलाबाचं फूल आणि चहा एवढ्यावर कार्यक्रम संपतो. चार वर्षांचा नकाशा मुलांच्या हाती पडतच नाही.

सभागृहातल्या ३०० मुलांना क्रेडिट समजावणं शक्य नाही. विसेक मुलांचा एक गट आणि त्याला एक शिक्षक अशी वाटणी केली तर जमतं. पहिल्या भेटीत प्रत्येकाच्या हातात एकच पान द्यावं: या सत्रातले त्याचे पेपर, प्रत्येकाची क्रेडिट, अंतर्गत आणि लेखी परीक्षेची गुणविभागणी, पासिंग किती, अंतर्गत परीक्षेच्या तारखा, गटाच्या शिक्षकाची भेटण्याची वेळ. दुसऱ्या भेटीत वर मांडला तसा एसजीपीएचा हिशोब मुलांकडून स्वतःच्या हाताने करून घ्यावा. ऐकलेलं विसरतं, स्वतः मांडलेलं राहतं. तिसऱ्या भेटीत एबीसी खातं उघडून नावं ताडून घ्यावीत, मोबाइलवर, तिथल्या तिथे.

अंतर्गत गुणांबद्दल ठामपणे सांगायला हवं. शाळेत वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा द्यायची सवय असते. इथे अंतर्गत मूल्यमापन सत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच सुरू होतं. असाइनमेंट, छोट्या चाचण्या, सादरीकरण. एफवायची मुलं पहिल्या सत्रात सर्वाधिक गुण इथेच गमावतात, आणि त्याचं कारण अभ्यास जमला नाही हे नसतं, तारीख माहीत नव्हती हे असतं. अंतर्गत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हेही पहिल्याच आठवड्यात सांगावं. नाहीतर लेखीत चांगले गुण मिळूनही एटीकेटी लागते (म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागतो) आणि घरात कोणालाच कळत नाही असं का झालं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा विचार वेगळा करावा लागतो. विज्ञान आणि वाणिज्यच्या वर्गात शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. हुशार मूल पहिल्या महिन्यात गप्प बसतं आणि शिक्षकांना वाटतं की त्याला विषयात रस नाही. प्रत्येक मेजरच्या पहिल्या घटकातल्या पन्नासेक संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी आणि पहिल्या सत्राची एक नमुना उत्तरपत्रिका दिली तर फार मोठा फरक पडतो. हे काम विभागाने एकदा केलं की पुढच्या तुकड्यांनाही उपयोगी पडतं. उत्तरं मराठीत लिहायची मुभा कोणत्या पेपरांना आहे हेही स्पष्ट सांगावं, कारण ती असते आणि मुलांपर्यंत पोचत नाही, असं होतं.

सीनियरांशी ओळख जरूर करून द्यावी, शिक्षक हजर असताना. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत, दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांनी प्रतिज्ञापत्र भरायचं असतं आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा क्रमांक स्वागताच्या पानावर छापलेला असावा.

मधेच शिक्षण सोडावं लागलं तर

पूर्वी एसवायनंतर कॉलेज सुटलं की हातात काहीच उरत नसे. आता एका वर्षानंतर किमान ४० क्रेडिट असतील तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर ८० क्रेडिट असतील तर पदविका मिळते. दोन्ही वेळा त्याशिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप उन्हाळ्यात पूर्ण करावी लागते. या चार क्रेडिटचा विसर पडतो आणि प्रमाणपत्र अडकतं. सोडल्यानंतर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो, आणि सगळी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करायची असते.

ही सोय आजारपण, घरची अडचण, लग्न, स्थलांतर अशा प्रसंगांसाठी मोलाची आहे. तरीही एका वर्षाच्या प्रमाणपत्राला पदवीची किंमत नाही. जिथे ‘पदवीधर’ ही अट आहे तिथे ते चालत नाही. सोडून जाणाऱ्या मुलाला हे शिक्षकाने समोर बसवून सांगायला हवं.

‘एक वर्ष वाया जाणार नाही का?’

एमए, एमएस्सी, एमकॉम करायचं असेल तर जात नाही. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं पदव्युत्तर मिळून पाच वर्षं होतात. चार वर्षांची ऑनर्स आणि एका वर्षाचं पदव्युत्तर मिळूनही पाचच. फक्त एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तुमच्या विषयात, तुम्हाला जाता येईल अशा ठिकाणी सुरू आहे ना, एवढं आधी तपासा.

पीएचडीकडे जाणाऱ्यांचा तर वेळ वाचू शकतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पदव्युत्तर पदवी नसतानाही पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र होता येतं. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. ७५ पेक्षा कमी असतील तर एका वर्षाचं पदव्युत्तर करून ५५ टक्क्यांसह तोच रस्ता मोकळा होतो. परदेशात शिकायचं असेल तर अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, तिथेही चौथं वर्ष कामी येतं.

पदवीनंतर थेट नोकरी, बँकेच्या परीक्षा, एमपीएससी किंवा यूपीएससी हे ध्येय असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे आणि चौथ्या वर्षाचा वेळ तयारीला देणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. असा निर्णय घेणाऱ्याला कोणी कमी लेखू नये.

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली, मग ही टिकेल कशावरून, असाही प्रश्न येतो. तेव्हाचा प्रयोग एका विद्यापीठाचा होता. आता देशभरासाठी एकच आराखडा आहे, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायची वाट उघडी आहे आणि दिल्ली विद्यापीठातही २०२२-२३ पासून चार वर्षांची रचना पुन्हा चालू आहे. उद्या काही बदललं तरी तीन वर्षांची पदवी हातून जात नाही.

संशोधनाचं चौथं वर्ष झेपेल का

१२ क्रेडिटच्या प्रकल्पाला प्रात्यक्षिकाचा हिशोब लावला तर ३६० तास होतात. दोन सत्रांत विभागले तरी आठवड्याला १२ तास. त्यात विषय ठरवणं, आधी झालेलं काम वाचणं, माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण आणि लेखन सगळं बसवायचं. फसतं ते सहसा सुरुवातीलाच. ‘ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण’ हा विषय वर्षभरात आवरत नाही. ‘एका गावातल्या दहा बचत गटांनी गेल्या तीन वर्षांत कर्ज कशासाठी वापरलं’ हा आवरतो. दुसरी अडचण वेळेची: माहिती गोळा करायला शेवटचे दोन महिने उरतात आणि मग ज्यांच्याकडून माहिती हवी ते कामात, सुगीत, परीक्षेत अडकलेले असतात.

एफवायच्या विद्यार्थ्याने यासाठी आत्ता काय करावं? क्षेत्रप्रकल्प आणि ओजेटी यांचे अहवाल उतरवून न काढता स्वतः लिहावेत. आकडेवारीचा किंवा स्प्रेडशीटचा एखादा कौशल्य पेपर घ्यावा. मेजरच्या शिक्षकांपैकी कोण कशावर काम करतं याची माहिती करून घ्यावी. एवढं पुरे.

लहान कॉलेजातल्या मुलांनी काय करायचं

ही शंका रास्त आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाचं चौथं वर्ष सुरू होईलच असं नाही. संशोधनाच्या प्रकारासाठी तर मान्यताप्राप्त मार्गदर्शक शिक्षक, ग्रंथालय, विज्ञान असेल तर प्रयोगशाळा हवी. पदं रिकामी असतील तर कागदावरची सोय प्रत्यक्षात मिळत नाही. हा भार विद्यार्थ्यावर टाकणं अन्यायाचं आहे आणि पालकांनी तो प्रश्न प्राचार्यांना थेट विचारावा: आपल्याकडे या विषयाचं चौथं वर्ष आहे का, मार्गदर्शक किती, जागा किती, फी किती?

उत्तर ‘नाही’ असेल तरी वाट बंद होत नाही. चौथ्या वर्षासाठी दुसऱ्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात जाण्याची तरतूद क्रेडिट बँकेमुळे शक्य झाली आहे. त्यासाठी सहाही सत्रांची क्रेडिट खात्यात दिसत असली पाहिजेत, मेजरचं नाव दोन्हीकडे जुळलं पाहिजे आणि एकही एटीकेटी शिल्लक नको. नव्या ठिकाणी मेजरचा एखादा मूलभूत पेपर तुमच्याकडे झालेला नसेल तर तो आधी पूर्ण करा असं सांगू शकतात. म्हणून प्रत्येक सत्राच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत जपून ठेवा, आणि पाचव्या सत्रातच जिथे जायचं त्या विभागात ती प्रत घेऊन चौकशी करा. सहाव्या सत्राचा निकाल आणि प्रवेशाची शेवटची तारीख यांत अनेकदा थोडेच दिवस मिळतात, आणि तेवढ्यात अडकलेली क्रेडिट खात्यात चढवून घेणं जवळपास अशक्य असतं.